भरतीशी भांडता येत नाही

प्रश्न: "मी मुलांच्या एका निवासी संस्थेत गृहमाता आहे. आमच्याकडे दहा ते अठरा वयाची मुलंमुली आहेत. कुणाला घर नाही, कुणाचं घर असून नसल्यासारखं, काही न्यायालयाच्या आदेशाने आलेली. समुद्रावर काम करणाऱ्या एका गटाने आम्हाला आठ मुलांसाठी पाच दिवसांचा उपक्रम देऊ केलाय. किनाऱ्यावरचे जीव बघायचे, मोजायचे, नोंदी ठेवायच्या आणि लहान शिडाच्या होड्या चालवायला शिकायचं. मला कल्पना फार आवडली, पण नावं ठरवायला बसलो आणि घोडं अडलं.

एक मुलगा आहे, पंधरा वर्षांचा. मारामाऱ्या करतो, दोनदा पळून गेलाय. समितीतले लोक म्हणतात, ‘याला नेलं तर बाकीची मुलं म्हणतील, दंगा करा आणि सहलीला जा.’ एक मुलगी सोळाची. बोलतच नाही म्हटलं तरी चालेल. पाण्याला घाबरते आणि कुणी अंगाला हात लावलेला तिला सहन होत नाही. कारण मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. तिला न्यावं तर छळ होईल, ठेवून जावं तर पुन्हा एकदा तीच मागे. शिवाय समितीला ‘यातून निष्पन्न काय’ हे लेखी हवंय. आणि माझं स्वतःचं असं की मला पोहता येत नाही. मी जाऊ की धाकट्या सहकाऱ्याला पाठवू? पाच दिवसांनी खरंच काही फरक पडतो का, की नव्याचे नऊ दिवस?" – एक गृहमाता

ताई,

शेवटाकडून सुरुवात करतो. तुम्ही जा. सहकाऱ्यालाही न्या, पण त्याला एकट्याला पाठवू नका.

मी बरीच वर्षं मुलांना पाण्यावर नेलंय, आणि प्रशिक्षक म्हणून माझ्याच जमातीबद्दल सांगतो. आम्ही पाच दिवस मुलांना फार आवडतो. ऊन लागून काळे झालेलो, मोठ्याने हसणारे, कुणाचाही पूर्वेतिहास न विचारणारे. आणि सहाव्या दिवशी आम्ही दुसऱ्या आठ मुलांबरोबर पाण्यात असतो. चौथ्या दिवशी एखाद्या मुलाने सुकाणू धरून होडी न आपटता धक्क्याला लावली, तर ते पाहिलेलं माणूस सहाव्या दिवशी, साठाव्या दिवशी त्याच्या आसपास असायला हवं. नाहीतर परत आल्यावर तो पुन्हा ‘तो पळून जाणारा’ होतो आणि होडीची गोष्ट सांगायला गेला तर थापा मारतोय म्हणून घेतात. ज्या मुलांचं मोठं होणं कुणीच सलग पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी साक्षीदार ही फार मोठी गोष्ट असते. पोहता न येण्याचा मुद्दा शेवटी घेऊ, तो अडचणीचा नाही, कामाचा आहे.

आता तो मुलगा. समितीची चूक ‘सहल’ या शब्दात आहे. तो शब्द आधी कागदावरून काढून टाका. सहल म्हटली की ती बक्षीस होते, आणि बक्षीस कुणाला द्यायचं हा वाद मग संपत नाही. इथे मुलाला काम करायचं असतं. होडी उचलून पाण्यापर्यंत न्यायची, दोर गुंडाळायचे, शीड चढवायचं, वेळ पाहून नोंद करायची, संध्याकाळी सगळं धुऊन जागेवर ठेवायचं. ते काम खोटं नसतं. दोर नीट बांधला नाही तर होडी वाहून जाते, मग कुणीतरी शेरा मारो वा न मारो.

ही कल्पना जुनी आहे. १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, वेल्समधल्या अॅबरडोवी या किनाऱ्यावरच्या गावात, साहसातून शिकवणाऱ्या आउटवर्ड बाउंड या चळवळीची पहिली शाळा निघाली. कुर्ट हान हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ, ज्यांना १९३३ मध्ये नाझी राजवटीने अटक केली आणि जे नंतर ब्रिटनमध्ये आले, आणि लॉरेन्स होल्ट हे एका जहाज कंपनीतले भागीदार, यांनी मिळून ती काढली. होल्ट यांना एक गोष्ट खुपत होती. टॉर्पेडो लागून जहाज बुडालं की उघड्या जीवरक्षक होडीत अंगाने मजबूत असलेली पोरं आधी हाय खातात आणि वयाने मोठे, मुरलेले खलाशी तग धरतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. कमी पडत होतं ते बळ नव्हतं, आपण यातून निभावू हा अनुभव कमी पडत होता. तिथलं शिक्षण समुद्रावर नोकरी करण्यासाठी कमी आणि समुद्राच्या हातून माणूस घडण्यासाठी जास्त असावं, असं होल्ट यांचं म्हणणं होतं. हान यांच्या विचारांना जो एक खडखडीत, पहाटे उठवून थंड पाण्यात उतरवणारा वास आहे, तो मला सगळाच पटतो असं नाही. पण समुद्राच्या हातून शिकवण्याची कल्पना मला पटते, आणि ती का पटते ते तुमच्या मुलावरूनच सांगतो.

तुमच्याकडच्या मुलांनी आजवर जे नियम पाहिले, ते बहुतेक कुणाच्या तरी मर्जीचे होते. बाप प्यायलेला असेल तेव्हा एक नियम, शुद्धीवर असेल तेव्हा दुसरा. एका संस्थेत जे चालतं ते दुसरीत चालत नाही. त्यामुळे नियम म्हटला की मूल आधी नियम सांगणाऱ्याचा चेहरा वाचतं आणि मग त्याच्याशी झुंज घेतं. त्याच्या अनुभवाला धरून ते बरोबरच वागतं.

भरतीला मर्जी नसते. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून आजची भरती उद्या साधारण ५० मिनिटं उशिरा येते. पाणी चढतं तेही एकसारखं नाही. जुने दर्यावर्दी एक ठोकताळा वापरतात. ओहोटी ते भरती या साधारण सहा तासांचे सहा भाग करायचे, पहिल्या तासात एकूण चढावाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान भरती. हे सगळं पंधरा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासात समजतं. मग वाळूत खुंटी रोवून त्याला सांगायचं, पाणी इथे किती वाजता पोचेल ते तू सांग, त्या हिशेबाने आपण होड्या वर ओढू. चुकला तर पाय भिजतील. पाणी त्याच्यावर चिडून आलेलं नसतं आणि त्याच्याशी भांडायलाही सोय नसते. मी अशी मुलं पाहिलीत जी आमच्यापैकी कुणाचंही ऐकत नव्हती, पण भरतीचं वेळापत्रक खिशात घडी घालून ठेवत होती.

होडीतही तसंच काहीसं होतं. लहान शिडाच्या होडीत वाऱ्याचा झोत आला की होडी कलते. अशा वेळी नवख्याचा हात दोर आणखी घट्ट ओढतो आणि होडी उलटते. करायचं असतं उलट. दोर सैल सोडायचा, शीड फडफडू द्यायचं, होडी आपोआप सरळ होते. रागीट मुलाच्या हाताला हे शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, पण एकदा आलं की तो ते विसरत नाही. यावरून त्याला रागाबद्दल काही समजावून सांगायचा मोह तुम्हाला होईल. कृपा करून सांगू नका. त्याला जे कळायचं ते हातातून कळलेलं असतं, आपण तोंड उघडलं की ते पुन्हा आपलं प्रवचन होतं.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. सुरुवातीच्या काळात एका मुलाने धक्क्यावर दुसऱ्याला ठोसा मारला. मी त्याची त्या दिवसाची होडी बंद केली. दिवसभर तो वाळूत बसून इतरांना जाताना पाहत होता. मला वाटलं, धडा शिकला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. त्याला जे आधीपासून माहीत होतं तेच मी त्याला पुन्हा शिकवलं होतं, की जरा काही आवडायला लागलं की ते काढून घेतात. आज मी काय केलं असतं? त्या दोघांना लगेच वेगळं केलं असतं, शांत होईपर्यंत जवळ बसलो असतो, आणि दुपारच्या फेरीत त्याला माझ्या होडीत घेतलं असतं. पाण्यात मारामारी झाली तर मात्र होडी परत फिरते. ती शिक्षा नसते, होडी खरंच बुडू शकते म्हणून. हा फरक निघण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि पळून जाण्याबद्दल त्यालाच विचारा. मागे नाही, पुढे पाहून. "तिथे असताना निघून जावंसं वाटलं तर कुठे जाऊन बसशील?" नजरेच्या टप्प्यातली एखादी जागा त्याच्याबरोबर पहिल्याच दिवशी ठरवा, एखादा खडक, उलटी ठेवलेली होडी, झाडाचा बुंधा. तिथे जाऊन बसलं की त्याला कुणी हाक मारायची नाही, पण एक मोठं माणूस लांबून लक्ष ठेवेल. पळायची मुभा मिळाली की पळायची गरज बऱ्याचदा कमी होते. तरीही गेलाच तर कोण शोधायला जाणार आणि उरलेल्या सात जणांजवळ कोण थांबणार, हे आधी ठरलेलं असू द्या. म्हणूनच सहकारी बरोबर हवा.

मुलीबद्दल लिहायला मला जास्त वेळ लागला.

पहिली गोष्ट, तिला विचारा, आणि ‘नाही’ हे उत्तर खरोखर घ्यायची तयारी ठेवून विचारा. साहसी शिक्षणात एक तत्त्व आहे. आव्हान समोर ठेवायचं, पण किती स्वीकारायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. अमेरिकेत कार्ल रोन्की आणि त्यांच्याबरोबरच्या प्रशिक्षकांनी ते रुजवलं. बोलायला सगळेच हे बोलतात. प्रत्यक्षात मात्र ‘अगं काही होत नाही, आम्ही आहोत ना’ असा गोड रेटा सुरू होतो, सात मुलं टाळ्या वाजवतात, आणि ती उडी मारते. बाहेरून तो विजय दिसतो. जिच्या शरीराबाबतचं ‘नाही’ एकदा मोडलं गेलंय, तिच्यासाठी ते पुन्हा मोडलं गेलं, एवढंच. प्रशिक्षकांना हे कारण न सांगताही बजावता येतं: हिला कुणीही आग्रह करायचा नाही, कौतुकानेसुद्धा.

मग ती तिथे काय करेल? बरंच काही. या उपक्रमाचा अर्धा भाग होडीत नाहीच, खडकांवर आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट ठेवायची आणि आतलं सगळं मोजायचं. शंख किती, शिंपले किती, शेवाळाने किती भाग व्यापला. पाण्यापासून वर वर जात अशा पाच-सहा चौकटी घेतल्या की दिसतं, प्रत्येक जीव आपापल्या उंचीवरच आहे. वरच्याला कोरडं राहणं सोसतं, खालच्याला सोसत नाही. या कामाला शांतता लागते, बारीक नजर लागते, बोलावं लागत नाही, आणि कुणी जवळ यायची गरज नसते. नोंदवही तिच्याकडे द्या. तिचे आकडे संध्याकाळी सगळ्यांच्या तक्त्यात जातील आणि ते चुकले तर तक्ता चुकेल. गप्प मुलीला गटात जागा करून द्यायचा याहून सभ्य मार्ग मला माहीत नाही. एक नियम तेवढा पक्का ठेवायला सांगा, उचललेला दगड जसा होता तसाच परत ठेवायचा. खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात, वरचे अंधारात.

तिथे तिला संन्यासी खेकडे दिसले तर उत्तम. त्यांचं मागचं अंग मऊ असतं, म्हणून ते रिकाम्या शंखात राहतात आणि वाढले की शंख बदलतात. कधी कधी एक मोठा रिकामा शंख मिळाला की आसपासचे खेकडे लहानमोठे असे रांगेत जमतात, सगळ्यात मोठा नव्या शंखात शिरतो, त्याचा शंख पुढचा घेतो, त्याचा त्याच्या पुढचा, आणि मिनिटभरात सगळ्यांची घरं बदललेली असतात. ज्या मुलांनी चार-चार जागा बदलल्यात त्यांच्या मनात हे पाहताना काय येतं ते मी कधी विचारलं नाही. फक्त पाहिलंय की खडकावरून उठायला ती सगळ्यात जास्त वेळ घेतात.

स्पर्शाचा प्रश्न मात्र खराखुरा आहे आणि तो अगदी बारीक जागी लपलेला असतो. लाइफ जॅकेट घातलं की प्रशिक्षक सवयीने पुढे येऊन छातीवरचे पट्टे खेचून आवळतो. काही जॅकेटांना मांड्यांमधून जाणारा पट्टाही असतो. आम्ही दिवसाला पन्नास वेळा हे करतो, आमच्या लक्षातही येत नाही. तिच्या मात्र येईल. म्हणून जॅकेटं आधीच संस्थेत मागवून घ्या. सगळ्याच मुलांना स्वतःचं जॅकेट स्वतः घालायला आणि आवळायला शिकवा, आणि तपासणी नजरेने करायची असा नियम सगळ्यांसाठी करा. तसंच कपड्यांचं. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पँट सगळ्यांनी घालायची, उन्हापासून जपायला. मग कुणाच्या हातावरचे व्रण उघडे पडणार नाहीत आणि कुणी एकटं झाकून घेतलेलं दिसणार नाही. कपडे बदलायला कडी असलेली खोली आहे का ते स्वतः जाऊन पाहा. पाळी आली तर त्या दिवशी पाण्यात न उतरण्याचं कारण द्यावं लागू नये. अंथरूण ओलं करणारी मुलं असतील तर जादा चादरी गुपचूप तुमच्या पिशवीत. खाणं कुठे ठेवलंय ते पहिल्या दिवशीच सगळ्यांना उघडून दाखवा, उपाशी राहिलेली मुलं नव्या जागी आधी तेच शोधतात. आणि कुणाला औषधं चालू असतील तर बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, तिने गुंगी येते.

फोटोंबद्दलही एवढ्यातच सांगून टाकतो. देणगीदारांसाठी शिडाखाली हसणाऱ्या मुलांचे फोटो सगळ्यांनाच हवे असतात. मुलांची ओळख उघड होता कामा नये, ही तुमची जबाबदारी आधीच आहे. पाठमोरे घ्या, हातांचे घ्या, दोरांच्या गाठींचे घ्या.

आता त्या गटाला विचारायचे प्रश्न. इथे भीड बाळगू नका. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या लाइम बे या उपसागरात आठ शाळकरी मुलं, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्यांतून निघाले. वारा त्यांना खोल समुद्राकडे घेऊन गेला, कयाक भरल्या, उलटल्या, आणि चार मुलं दगावली. वेळ टळून गेल्यावरही मदत लवकर बोलावली गेली नव्हती. ज्या केंद्राने त्यांना नेलं ते चालवणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला मनुष्यवधासाठी शिक्षा झाली आणि १९९५ मध्ये ब्रिटनला अशा केंद्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या घटनेतून मी एक प्रश्न कायमचा उचलला, आणि तुम्हीही तोच पहिला विचारा: "होडी ठरल्या वेळी परत आली नाही तर किनाऱ्यावरचं कोणतं माणूस, किती मिनिटांनी, कुणाला फोन करतं?" याचं उत्तर देताना समोरचा क्षणभरही चाचरला तर मुलं देऊ नका.

मग बाकीचे. प्रशिक्षकांची पात्रता काय, मुलांबरोबर काम करण्याआधी त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते का. सोबत मोटारबोट असते का. वारा किती झाला की बाहेर जायचं नाही, आणि तो आकडा लिहून ठेवलाय का. जॅकेटं कुठली. १५० न्यूटन तरणशक्तीचं जॅकेट बेशुद्ध माणसालाही सहसा उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवतं. ५० न्यूटनचं ते करत नाही, ते पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असताना वापरायचं असतं. तुमच्या किती मुलांना पोहता येतं ते सांगा आणि मग त्यांचं उत्तर ऐका. पाणी थंड असेल तर पडल्या पडल्या पहिल्या मिनिटात माणूस अनावर धापा टाकतो, पट्टीचा पोहणाराही त्यात नाकातोंडात पाणी घेतो. म्हणून पहिल्या दिवशी उथळ पाण्यात, जॅकेट घालून, नुसतं तरंगत राहायचा सराव ज्याला उतरायचंय त्याच्याकडून करून घेतात की नाही, तेही विचारा.

आणि एक ऐकून घ्या. ‘अशा मुलांना सरळ करतो’ ही भाषा ऐकू आली तर तिथूनच परत फिरा. अमेरिकेत बिघडलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलांना रानावनात नेऊन, थकवून, दमात घेऊन सुधारण्याचा मोठा धंदा झाला. २००७ मध्ये तिथल्या संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी तपास यंत्रणेने अशा खासगी कार्यक्रमांमधल्या छळाच्या तक्रारी गोळा केल्या आणि १९९० ते २००४ या काळातले दहा मृत्यू बारकाईने तपासले. अप्रशिक्षित कर्मचारी, अपुरं खाणं, आणि मूल आजारी असल्याचं सांगतंय ते नाटक समजणं, असं वारंवार आढळलं. निसर्ग तोच, खडक तेच, फक्त मोठ्या माणसांची नजर वेगळी.

समितीच्या ‘निष्पन्न’ला फार शाई खर्च करू नका. त्यांना आधार हवाच असेल तर एक आहे. १९९७ मध्ये जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी साहसी शिक्षणाचे ९६ अभ्यास एकत्र करून पाहिले. कार्यक्रम संपताना मध्यम पण खरा फायदा दिसला, स्वतःवरचा ताबा, आत्मविश्वास, निर्णय घेणं यांत. आणि नवल म्हणजे पुढच्या काळात तो ओसरायच्या ऐवजी थोडा वाढला. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की कार्यक्रमाकार्यक्रमांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि लांब मुदतीच्या कार्यक्रमांचा गुण जास्त येतो. तेव्हा पाच दिवसांकडून चमत्काराचं वचन देऊ नका. त्याऐवजी प्रत्येक मुलाबरोबर बसून दोन-तीन दिसणाऱ्या गोष्टी लिहा, ‘अडलं की मदत मागेन’, ‘सकाळचं काम न सांगता करेन’, आणि तीन महिन्यांनी त्याच्याबरोबरच बसून पुन्हा पाहा. ‘आत्मविश्वास वाढला’ असं लिहू नका. तो कुणी मोजला?

नव्याचे नऊ दिवस होतील का, हा तुमचा खरा प्रश्न. काहीच केलं नाही तर होतील, नऊही नाही. धोका सुरू होतो शेवटच्या दिवशी. ज्यांना लोक सोडून जातात ती मुलं निरोपाच्या आधीच भांडण उकरून काढतात, म्हणजे सोडून जाण्याचा मान आपल्याकडे राहतो. पाचव्या दिवशी सकाळी तुमचा मुलगा काहीतरी भयंकर करेल असं धरूनच चला, आणि चार दिवस वाया गेले असं मानू नका. प्रशिक्षकांना सांगून ठेवा, ‘मी भेटायला येईन’ असं येणं नक्की असेल तरच म्हणायचं.

नंतर महिन्यातून एकदा त्याच किनाऱ्यावर, त्याच चौकटीपाशी जाता येईल का ते बघा. होडी नसली तरी चालेल. तीच जागा पुन्हा मोजली की मागच्या आकड्यांना अर्थ येतो, आणि पुन्हा त्याच जागी परत येणं ही तुमच्या मुलांच्या आयुष्यात दुर्मीळ गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली ‘रॉकिंग द बोट’ नावाची संस्था शाळकरी मुलांकडून लाकडी होड्या बांधून घेते, त्या नदीत चालवते, नदीच्या पाण्याची तपासणी करून घेते. तिथे मुलं पाच दिवस येत नाहीत, अनेक महिने, काही तर वर्षानुवर्षं येतात, आणि त्यांच्या पाठीशी समाजकार्यकर्ते असतात. तुम्हाला उपक्रम देऊ करणाऱ्या गटाला थेट विचारा: पाच दिवस सलग देण्याऐवजी दोन दिवस आता आणि उरलेले एकेक दिवस दर महिन्याला देता येतील का? बहुतेक गटांना हे कुणी विचारलेलंच नसतं. जमलं तर मी तुमच्या जागी असतो तर डोळे मिटून तेच निवडलं असतं.

संस्थेत परतल्यावर भरतीचं वेळापत्रक भिंतीवर लावायचं काम त्या मुलाकडे द्या. समुद्र लांब असला तरी. तो रोज वेळ बदलून लिहील, आणि कधी विसरला तर आठवण करून देऊ नका, दोन दिवस थांबून पाहा.

राहिलं तुमचं पोहणं. मुलांपासून लपवू नका. जॅकेटं संस्थेत येतील त्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगा की मला पोहता येत नाही आणि मला भीती वाटते. ती मुलगी तुमच्याकडे बघेल. काही बोलणार नाही, बोलावं अशी अपेक्षाही ठेवू नका. मग जॅकेट घाला, स्वतःच आवळा, आणि त्या मुलाला हाक मारून म्हणा, "बघ रे, पट्टा नीट लागलाय का?" तो लांबूनच बघेल, सांगेल डावा सैल आहे. डावा आवळा.